चावीत अडकलेलं रेशीम

माझ्या दुकानातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. वर मथळा आहे : 'घड्याळातून निघालेलं'. मला याद्या करायची सवय आहे. संपत आलेल्या स्प्रिंगांची यादी, घड्याळ टाकून परत न फिरकलेल्या गिऱ्हाइकांची यादी. ही मात्र गंमत म्हणून सुरू केली होती. कणीक, मेंदी, अबीर, तपकीर, लग्नातली अक्षत, आणि तांदळात पडतो तो किडा, एक जिवंत सोंडा.

सोंडा एका वकीलसाहेबांचा. घड्याळ भिजलं म्हणून बायकोनं ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, सेकंदाचा काटा मधेच उलटा चालतो." मी भिंग लावलं. काटा आपला सरळ चालला होता. उलटा चालत होता तो सोंडा. मी दचकून हातातलं घड्याळ टेबलावर सोडलं, तर साहेबच मला म्हणाले, "अहो, हळू! जीव आहे त्यात."

त्या यादीत सगळ्यात खाली 'रेशीम' असं लिहिलं आहे. त्या एका शब्दाचं अक्षर बाकीच्यांसारखं नाही, वाकडं आहे. ते तसं का आलं, ते सांगते.

माझं दुकान शहागंजातल्या एका गल्लीत आहे. वडिलांनी सुरू केलं, मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकले, आणि त्यांचे डोळे गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसले. अजूनही नवं गिऱ्हाईक आत येतं आणि माझ्या मागं बघत विचारतं, "घड्याळजी कुठं गेले?" मी म्हणते, "मीच." मग ते म्हणतं, "तसं नाय ताई, मोठे कुठं हायेत?" मोठे भिंतीवर फोटोत आहेत. मी तिकडं बोट दाखवते आणि घड्याळासाठी हात पुढं करते.

लेडीज घड्याळाची दुरुस्ती बहुतेक कारागीर टाळतात. त्यात मोठ्या घड्याळाचेच सगळे भाग असतात, पण अख्खं मशीन करंगळीच्या नखाएवढं. श्वास जोरात सोडला तर स्क्रू उडतो. शहरातले बाकीचे कारागीर अशी घड्याळं माझ्याकडे पाठवतात, त्यामुळे गेली कित्येक वर्षं बायकांची जुनी मनगटी घड्याळं हीच माझी खासियत झाली आहे.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. लोकांना कायम संशय असतो, की घड्याळजी आतलं चांगलं मशीन काढून घेतो आणि फालतू घालून देतो. म्हणून वडिलांनी नियमच केला होता. घड्याळ गिऱ्हाइकासमोरच उघडायचं, त्याच्या हातात सुई द्यायची आणि मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याला हवी ती खूण करायला सांगायची. काम झालं की पुन्हा त्याच्यासमोर उघडून खूण आणि मशीन दाखवायचं. कुणी आद्याक्षर काढतं, कुणी चांदतारा, कुणी विळा. एकानं पूर्ण नाव, गाव, तालुका लिहायला घेतला होता. मी म्हटलं, "भाऊ, जिल्हा राहू द्या, पत्रं यायची नाहीत इथं." त्या खुणेशेजारी कारागीरही आपली खूण करतो. वडिलांची खूण म्हणजे गोलात एक टिंब. माझी छोटा त्रिकोण.

तर गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मीनाताई दुकानात आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, इस्त्रीची सुती साडी, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि एक लेडीज घड्याळ माझ्यासमोर ठेवलं. सोनेरी मुलामा ठिकठिकाणी उडालेला, लांबट चेहरा, डायलवरचं कंपनीचं नाव पुसलेलं, पट्टा नाही.

"शहागंजातच घेतलं, जुन्या वस्तूंच्या हातगाडीवर," त्या म्हणाल्या. "गाडीवाला म्हणत होता, 'बहनजी, असली माल है, बंद है तो क्या हुआ.' हे कुठलं, किती जुनं आणि चालू होईल का, एवढं सांगा."

मी डोळ्याला भिंग लावलं. "घडण स्विस दिसते. पन्नासएक वर्षांपूर्वीचं असेल. नक्की काय ते उघडल्यावर कळेल."

"उघडायच्या आधी मी काही सांगू का?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आत दोन रेघा असायला हव्यात. एक मोठी आणि तिच्याशेजारी एक छोटी."

माझा हात थांबला.

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांचं माहेर गोदाकाठच्या एका गावात, जमीनजुमला असलेलं. मोठी बहीण सुमन त्यांच्याहून बरीच मोठी. ती मॅट्रिक झाली तेव्हा मामानं तिला असलंच घड्याळ घेऊन दिलं. पुढं ते साफ करायला मामा दोघी बहिणींना घेऊन माझ्या वडिलांकडे आला होता. वडिलांनी सुमनच्या हातात सुई दिली. तिनं दोन रेघा ओढल्या आणि धाकटीला म्हणाली, "मोठी मी, छोटी तू." त्यानंतर काही महिन्यांनी सुमन नदीत बुडून गेली. प्रेत सापडलं नाही. घरातल्या सगळ्यांनी नदीवर जाऊन अंघोळ केली, घरी दिवस घातले. मीनाताई तेव्हा दुसरीत होत्या.

"घड्याळ तिच्या हातातच होतं," त्या म्हणाल्या. "काल गाडीवर हा लांबट चेहरा दिसला आणि माझे पायच हलेनात. सारखी दिसणारी घड्याळं असतात, मला कळतं. पण एकदा उघडून बघा."

मग जरा हसून म्हणाल्या, "ताईचं घड्याळ मी पुन्हा एकदा पाहिलंय तसं. भुताच्या हातात."

"म्हणजे?"

"ती गेल्यावर वर्षभरानं. भर दुपारी मी एकटी ओसरीवर खेळत होते. आई मागं परसात. दारात ताई उभी! हातात हे घड्याळ. 'मीने' म्हणून हाक मारली. गावातल्या बायका म्हणायच्या, पाण्यात गेलेलं माणूस परत येतं, मीठ टाकलं की जातं. मी स्वयंपाकघरात धावले, मूठभर खडेमीठ आणलं आणि तिच्या तोंडावर फेकलं. दार लावून कडी घातली. पुन्हा कधी आली नाही. शाळेत पोरांना ही गोष्ट सांगायचे, पोरं चिडीचूप बसायची."

मी झाकणाच्या फटीत पातं घातलं आणि झाकण उघडलं.

दोन रेघा होत्या. एक मोठी, एक छोटी. शेजारी वडिलांचं गोलातलं टिंब. मीनाताईंनी काचेच्या कपाटाची कड घट्ट धरली. त्यांचे डोळे भरले, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मला रेघांच्या खाली आणखी एक खूण दिसत होती.

छोटा त्रिकोण.

मी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. त्रिकोण तिथंच होता. त्याची तिसरी बाजू जरा जास्त लांब, माझ्या हातानं येते तशीच. मी ही खूण करायला लागले ती वडिलांनी खुर्ची सोडल्यावर. सुमन नदीत बुडाली तेव्हा मी परकर घालून स्टुलाखाली स्क्रू शोधत होते. नदीच्या तळाशी गेलेलं घड्याळ माझ्या टेबलावर येऊन गेलं होतं.

मशीनकडे पाहिलं. पाण्यात गेलेलं मशीन लपत नाही. पोलाद तांबूस पडतं, स्क्रूंच्या माथ्यांना खड्डे पडतात, डायल मागून काळवंडते. इथं असलं काही नव्हतं. स्प्रिंग तुटली होती आणि बॅलन्सची, म्हणजे आत मागं-पुढं डोलणाऱ्या चाकाची, आस मोडली होती, म्हणजे घड्याळ नुकतंच कुठंतरी जोरात आपटलं होतं. बाकी मशीन सतत वापरात असलेलं, निगा राखलेलं.

"काय झालं?" मीनाताईंनी विचारलं.

"हे घड्याळ पाण्यात गेलेलं नाही," मी म्हटलं. "आणि ते मी स्वतः दुरुस्त केलंय. फार तर दहा-बारा वर्षांपूर्वी."

त्या झाकणावर वाकल्या. मग म्हणाल्या, "कुणी आणलं होतं?"

मला आठवेना. वह्या बघायच्या ना, असं कुणी म्हणेल. माझ्या दिवाळीच्या कामांच्या यादीत दरवर्षी 'जुन्या वह्या रद्दीत' अशी एक ओळ असते. ती मी कधी चुकवलेली नाही. एवढी शिस्त नडेल असं वाटलं नव्हतं.

"कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतलं असेल," मीनाताई म्हणाल्या. "बुडायच्या आधी. किंवा..."

मी चिमट्यानं चावी बाहेर ओढली. चावी म्हणजे घड्याळाच्या कडेला असलेलं बोंडुक आणि त्याची आत जाणारी बारीक दांडी. दांडीभोवती काहीतरी गुंडाळलेलं होतं. एरवी तिथं काळा मळ असतो, तो मी न बघता सरळ पेट्रोलच्या वाटीत टाकते. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं, म्हणून मी तो पांढऱ्या कागदावर काढला आणि सुईनं सोडवला. तो मळ नव्हता. तंतू होते. राणी रंगाचे, हिरवे, पिवळे. त्यात केसाहून बारीक एक सोनेरी तार.

रेशीम आणि जर.

मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, घड्याळांचे आजार आठवतात. तंतू बघितले आणि एकदम ती बाई समोर उभी राहिली. पैठणची, मागावर पैठणी विणणारी. तेव्हाही चावीत असाच रंगीत गुंता निघाला होता आणि मी तिला झापलं होतं : "बाई, मागावर बसताना घड्याळ काढून ठेवत जा. रेशमानं चावी जाम होते."

ती म्हणाली होती, "काढायचं नाय असं ठरवलंय ताई. जाम झालं तर तुमी हायेतच की."

मी सुई पुढं केली तेव्हा तिनं मान हलवली होती. "खूण हाय आधीच. दोन हायेत."

"मीनाताई," मी विचारलं, "तुमची बहीण डावखुरी होती का?"

"होती. म्हणून घड्याळ उजव्या हातात घालायची. आई ओरडायची. का?"

त्या बाईनं घड्याळ उजव्या मनगटावर बांधून घेतलं होतं. मला ते आता लख्ख दिसलं. सांगावं की नाही, याचा विचार मी केला. चुकीची आशा लावणं हे चुकीचं मशीन घालून देण्यापेक्षा वाईट. पण खूण तिची, हात तिचा, आणि 'दोन हायेत' हे वाक्यही तिच्याच तोंडचं होतं. मी सगळं सांगितलं.

मी पाणी दिलं ते मीनाताईंनी हातात धरून ठेवलं. त्या म्हणाल्या, "मग दारात कोण होतं?"

मी तंतूंचा कागद एका बाजूला सारला.

"मी दार लावलं आणि आईला जाऊन सांगितलं, ताईचं भूत आलंय. आई अनवाणी पळत रस्त्यापर्यंत गेली. मला वाटलं, भूत बघायला गेली." त्यांनी पेला खाली ठेवला. पाणी सांडलं. "आईला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं."

आई आणि दादा, म्हणजे त्यांचे वडील, दोघंही आता नाहीत. विचारायचं कुणाला?

मला वाटलं होतं, त्या तिथूनच पैठणची एसटी धरतील. पण त्या म्हणाल्या, "आधी हे चालू करा. बंद घड्याळ घेऊन मी तिच्यासमोर जाणार नाही." मग रोज फोन यायचा, "झालं का?" आणि मी अजून नाही म्हटलं की पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज यायचा. बाई घाबरल्या होत्या. ती हयात नसली तर, आणि असली तर, या दोन्हीला. घड्याळ गाडीवर विकायला आलं होतं, म्हणजे काहीही झालेलं असू शकत होतं.

मी घाई केली नाही. मशीन पूर्ण सोडवलं. डायलखाली कंपनीचा शिक्का मिळाला, स्विसच निघालं. कंपनीचं नाव इथं देत नाही, नाहीतर उद्यापासून लोक तेवढंच विचारत येतील. बॅलन्सची आस जुन्या मशीनमधून मिळवली, स्प्रिंग बदलली, चाकं धुतली, तेलाचे थेंब सोडले. मुलामा परत चढवायचा का, डायल नवी रंगवायची का, असं मी नेहमी विचारते. या वेळी विचारलं नाही. जे तिनं वापरलं होतं तेच तिला दिसायला हवं होतं. रेशमाचे तंतू एका छोट्या काचेच्या नळीत भरले. मग मीनाताईंचा रोजचा फोन एका हातानं कानाला धरून कपाट उघडलं आणि यादीत तो शब्द वाकडातिकडा लिहिला.

पैठणला मीही गेले. मीनाताईंनी बोलावलं नव्हतं, पण त्यांना सोडायला स्टँडवर गेले आणि त्या तिकिटाच्या रांगेतून दोनदा बाहेर पडल्या तेव्हा मीच दुकानाच्या चाव्या पर्समध्ये टाकून एसटीत त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

पैठणला विणकरांच्या वस्तीत विचारलं, "उजव्या हातात घड्याळ घालणाऱ्या सुमनबाई?" एका पोरीनं लगेच घर दाखवलं. "त्या व्हय? पण आता त्यांचं घड्याळ हरवलंय, लई रडल्या."

मीनाताईंनी माझा दंड धरला. जिवंत होती.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत माग, मागावर पाठीला पोक आलेली एक बाई. उजव्या मनगटावर कातडीचा एक फिका पट्टा, जिथं इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं. तिनं वर बघितलं आणि आधी मला ओळखलं.

"अवो घड्याळवाल्या ताई! तुमी इथं कशा? माझं घड्याळ गेलं बघा. बंद पडलं म्हणून तुमच्याकडंच आणत व्हते. स्टँडावर पट्टा तुटला, गर्दीत कुठं पडलं काय, नाय गावलं." बोलता बोलता तिची नजर माझ्या मागं गेली. मीनाताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. त्यांनी नुसती बंद मूठ पुढं केली.

सुमनबाईंनी झटकन दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

मला आधी समजलंच नाही. साठी ओलांडलेली बाई, समोर सख्खी बहीण, आणि ती मार चुकवावा तशी तोंड झाकून बसलेली. मग हातांमागून आवाज आला, "आईचंच तोंड घेतलंयस मीने. पण मूठ उघड आधी. मीठ हाय का त्यात?"

मीनाताईंनी मूठ उघडली. तळहातावर घड्याळ टिकटिकत होतं.

"मला वाटलं तू भूत आहेस," त्या म्हणाल्या. सगळं एका दमात, वर्गात उठून उभ्या राहिलेल्या पोरीसारखं. "तू नदीत बुडालीस म्हणून सांगितलं होतं. सगळे अंघोळ करून आले. दिवस घातले. मला वाटलं भूत आलंय."

सुमनबाईंचे हात खाली आले. "भूत?"

"मग काय?"

"भूत समजून टाकलंस?"

"हो ताई."

"अन् मला वाटलं, दादांनी तुला शिकवून ठेवलंय." सुमनबाई म्हणाल्या. "मी बुडाले असं सांगितलं तुला? मी पळून गेले व्हते मीने. गावातल्याच बौद्ध वस्तीतला पोरगा व्हता, इथं माग शिकायला आलेला. लगीन केलं. दादांनी निरोप धाडला, तुझ्या नावानं अंघोळ केली, आता तू मेलीस. मी म्हटलं, दादा तापट माणूस, रागात बोललं असंल. एकदा जाऊन बघू. दारात तू भेटलीस. माझ्या कडेवर वाढलेली पोर, तीच डोळ्यात मीठ फेकून कडी लावती म्हटल्यावर..." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "आई असती दारात तर पाय धरले असते. पण तू फेकलंस म्हणून परत आले नाय."

"आई पळत आली होती तुझ्या मागं," मीनाताई म्हणाल्या. "अनवाणी."

हे सुमनबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी मागाची फळी धरली. खोलीत फक्त त्या नखाएवढ्या मशीनचा आवाज होता. मी तो धंदा म्हणून आयुष्यभर ऐकत आले. त्या दिवशी ऐकवेना. ही बाई माझ्या दुकानात येऊन गेली होती, आणि मीनाताई तिथून काही गल्ल्यांवर राहत होत्या.

शेवटी सुमनबाई उठल्या. मीनाताईंच्या हातून घड्याळ घेतलं, कानाला लावलं आणि उजवं मनगट पुढं केलं. "बांध." नवा पट्टा मी लावून आणला होता, पण मीनाताईंच्या बोटांना बक्कल काही लागेना. "मास्तरीण झालीस म्हनं?" सुमनबाई म्हणाल्या. "अन् एक बक्कल लागंना व्हय?"

पद्धत म्हणून मी झाकण उघडून खूण दाखवायला लागले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "राहू द्या ताई. दोन्ही रेघा समोर बसल्यात."

मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही म्हटलं. नवरा वारलेला, मुलगा-सून कामावर. त्यांनी स्वतःच चुलीपाशी बसून पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या. मध्येच पदरानं डोळे पुसत होत्या, मध्येच मीनाताईंकडे वळून बघत होत्या, ही खरंच इथं बसली आहे ना म्हणून. आम्ही तिघी ताटांवर बसलो.

पिठल्यात मीठ नव्हतं. पहिल्याच घासाला तिघींनाही कळलं. मिठाची बरणी समोरच्या फळीवर होती, हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर.

कुणी मागितलं नाही. कुणी दिलं नाही. तिघींनीही पिठलं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.